हर्णै ते जयगड : उशिरा उचललेल्या नांगराचं प्रकरण

जयगडच्या खाडीत जाग आली त्या सकाळी, चहा व्हायच्या आधी, आम्ही दोघांनी एकेक कागद घेतला आणि आदल्या दिवशी काय झालं ते एकमेकांना न विचारता लिहून काढलं. यांचा कागद सुरू झाला दुपारी २.५० ला, दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी. माझा सुरू झाला पहाटे ६ ला, हर्णैला. दिवस एकच, बोट एकच, माणसं दोनच, तरी गोष्ट कुठून सुरू झाली यावर आमचं एकमत नव्हतं. हे प्रकरण मांडायचं कारण तो फरक आहे.

आम्ही साठीच्या आसपासचं जोडपं. हे व्यापारी जहाजांवर इंजिनीअर होते. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. बोट पंचवीस फुटांची, फायबरची, एका डोलकाठीची आणि दोन शिडांची, जुनी विकत घेतलेली. आत दहा हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन. बोटीचा चार फूट भाग पाण्याखाली असतो. जहाजावर आयुष्य काढलेल्या माणसाला पंचवीस फुटी बोट सोपी जाईल असं लोकांना वाटतं, पण हे जहाजावर कायम खाली इंजिनापाशी असायचे. लाट डोळ्यांसमोर, कंबरेच्या उंचीवर येते तेव्हा ती कशी दिसते, हे ते या बोटीवरच शिकले. मीही.

बेत साधा होता. जानेवारीच्या शेवटी मांडव्याहून निघायचं आणि किनाऱ्या-किनाऱ्यानं विजयदुर्गापर्यंत जायचं. गाडीनं एका दिवसाचा हा रस्ता. आम्ही त्यासाठी चोवीस दिवस ठेवले होते. वाटेत आवडेल तिथे दोन रात्री, तीन रात्री राहायचं, गड बघायचे, खाडीत आत जायचं, मासे विकत घ्यायचे. मुलांची लग्नं झालेली, निवृत्तिवेतन चालू, कुणाला कुठे पोचायची घाई नाही.

समुद्रातलं अंतर मोजायला कोकणचा किनारा फार सोयीचा आहे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर. आणि हा किनारा बहुतेक सरळ उत्तर-दक्षिण उतरतो. त्यामुळे दोन ठिकाणांच्या अक्षांशांची वजाबाकी केली की अंतर हातात. जंजिरा १८ अंश १८ मिनिटं, हर्णै १७ अंश ४९ मिनिटं, म्हणजे एकोणतीस मैल. हर्णैहून दाभोळचं तोंड चौदा मैल. तिथून जयगड सतरा. आमची बोट तासाला चार मैल, वारा चांगला असला तर साडेचार. म्हणजे जंजिरा ते हर्णै सात तासांचा पल्ला आणि हर्णै ते दाभोळ साडेतीन तासांचा.

जंजिऱ्याहून निघालो तेव्हा पहाटे ५ ला नांगर उचलला होता. सात तासांची धास्ती होती म्हणून. हर्णैहून निघताना साडेतीनच तास होते. लांबच्या पल्ल्याला आम्ही नीट वागलो आणि जवळच्या पल्ल्याला सैल पडलो, असं आता दिसतं.

आधी वाऱ्याचं आणि पाण्याचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

शाळेत मी दर वर्षी फळ्यावर खारे वारे आणि मतलई वारे यांची आकृती काढायचे. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून येतो, तो खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, तो मतलई. दोन बाण, दोन गुण. हिवाळ्यात या किनाऱ्यावर त्या दोन बाणांवर अख्खा दिवस चालतो. पहाटे मतलई पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो. किनाऱ्याजवळ पाणी गुळगुळीत असतं आणि शिडाची बोट आडव्या वाऱ्यावर अशी सरकते की आवाज येत नाही. नऊ-दहाच्या सुमारास तो मरतो. मग दोनेक तास काहीच नाही. बाराच्या पुढे वायव्येकडून खारा वारा उठतो, तीन-चार वाजेपर्यंत जोर धरतो आणि समुद्र पांढऱ्या फेसानं भरून जातो. मच्छीमारांना हे सांगावं लागत नाही. मला तीस वर्षं शिकवून झाल्यावर बोटीवर कळलं.

पाण्याचं गणितही असंच जुनं आणि साधं आहे. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती साधारण ३ ला. अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. छापील वेळापत्रकाइतका हा हिशेब काटेकोर नाही, आणि दक्षिणेकडे जाल तशी भरती मुंबईपेक्षा थोडी लवकर होते, पण अर्ध्यापाऊण तासाच्या फरकानं तो धरून चालता येतं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जाणारे आजही तो वापरतात.

त्यात आणखी एक गोष्ट आहे आणि दाभोळला तीच आमच्यासमोर आली. ओहोटीच्या सहा तासांत पाणी सारखं उतरत नाही. पहिल्या तासात थोडं, दुसऱ्यात जास्त, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी निघून जातं. खाडीच्या अरुंद तोंडातून त्या दोन तासांत पाणी नदीसारखं धावतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर जास्तच.

हर्णैला आम्ही दोन रात्री होतो. सुवर्णदुर्ग आणि किनारा यांच्या मधल्या पाण्यात नांगरलं होतं, आजूबाजूला मच्छीमारांच्या होड्या. तिसऱ्या दिवशी पौष अमावास्या. आदल्या रात्री यांनी वहीत लिहून ठेवलं होतं : ‘निघणे ६.१५. दाभोळ ९.४५. भरती ११.१५. दीड तास हाताशी.’ बेत बिनचूक होता. मतलई घेऊन जायचं, चढत्या पाण्याबरोबर दाभोळच्या खाडीतून वाशिष्ठी नदीत शिरायचं, अकरापर्यंत आत शांत जागी नांगर.

आणि मी म्हटलं, “अहो, हर्णैचा लिलाव बघितल्याशिवाय कसं निघायचं?”

त्या लिलावाचं मला आजही कौतुक आहे. होड्या किनाऱ्यापासून दूर उभ्या राहतात, मासळी छोट्या होड्यांतून आणि बैलगाड्यांतून वाळूवर येते. पापलेट, सुरमई, कोळंबी यांचे ढीग वाळूवर, भोवती बायकांचं कोंडाळं, आणि बोली इतकी भराभर चढते की आपल्याला आकडा कळेपर्यंत ढीग उचललेला असतो. मी बघत उभी राहिले. मग बांगडे घेतले. मग बर्फ हवा म्हणून थांबलो. मग हे म्हणाले, आलोच आहोत तर डिझेलचा कॅनही भरून घेऊ. मग चहा. किनाऱ्यावरच्या एका कोळणीनं विचारलं, “काकू, आज जायचं ना तुम्ही? वारं बसलं की.” मी हो म्हटलं आणि तरी चहा संपवला.

नांगर उचलला तेव्हा ११.२० झाले होते. भरती पूर्ण होऊन गेली होती. पाच तासांचा उशीर, आणि आमच्या दोघांच्याही मनात त्याची टोचणी नव्हती. आपल्याला घाई नाही, म्हणूनच तर आलो आहोत, असं आम्ही एकमेकांना म्हटल्याचं मला स्वच्छ आठवतं.

बारा-साडेबारापर्यंत इंजिनावर गेलो. मग खारा वारा आला, शिडं भरली, बोट मजेत चालली. मी भात लावला, यांनी बांगड्याचं कालवण केलं. त्या दोन तासांत समुद्राला एक लांब हेलकावा होता. लाट म्हणावी अशी नाही. बोट सावकाश वर जायची आणि सावकाश खाली यायची, आठ-नऊ सेकंदांनी एकदा. सकाळी हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा समुद्राच्या स्थितीचा अंदाज यांनी फोनवर बघितला होता. लाटा दीड ते दोन मीटर. “दीड मीटर म्हणजे काहीच नाही,” हे म्हणाले. उघड्या समुद्रात ते खरंच होतं.

हिवाळ्यात हा हेलकावा दुरून येतो. इराणच्या आखाताकडे आणि अरबी द्वीपकल्पाच्या बाजूला शमाल नावाचे वायव्य वारे जोरात वाहतात, त्यांनी उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून दोन-तीन दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागतात. आपल्याकडे आकाश निरभ्र, वारा रोजचा, आणि पाण्यात मात्र दुसऱ्या देशातल्या वादळी वाऱ्याचा जोर. आभाळाकडे बघून तो कळत नाही.

दाभोळच्या तोंडाबाहेर पोचलो तेव्हा २.५० झाले होते. दक्षिणेला टोळकेश्वरचं दीपगृह, अंजनवेलचा गोपाळगड, समोर खाडीचं रुंद तोंड, आत डोंगरांमध्ये निळं शांत पाणी दिसत होतं. ते पाणी बघून कुणालाही वाटावं, अर्ध्या तासात आपण तिथे असू.

यांनी शीड उतरवायला सांगितलं, इंजिन लावलं आणि नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आत वळवली. मी दुर्बीण घेतली. तोंडाच्या मधोमध एक पांढरी रेघ दिसली आणि लगेच गेली. पुन्हा काही नाही. मग पुन्हा रेघ, जरा डावीकडे. मी घड्याळ लावून बघत राहिले. तीन-चार लाटा नुसत्या पुढे जायच्या आणि मग एक मोठी यायची ती तिथे फुटायची.

नदी आपल्यासोबत आणलेली वाळू तोंडाशी टाकते, तिचा पाण्याखाली दांडा तयार होतो. दर पावसाळ्यात तो सरकतो, त्यामुळे नकाशावरच्या खोलीच्या आकड्यावर भिस्त ठेवता येत नाही. बाहेरून आलेली लाट दांड्याशी उथळ पाण्यात शिरली की तिचा पाय अडतो आणि डोकं वर येतं. त्यात समोरून ओहोटीचं पाणी धावत असेल तर लाटेची लांबी आखडते, उंची वाढते, ती उभी होते. लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीत लाट फुटते. दीड-दोन मीटरची लाट तिथे अडीच मीटरची झाली तर तीन मीटर पाण्यातसुद्धा ती कोसळणार. उधाणाच्या ओहोटीचा चौथा तास चालू होता. दांड्यावर तीन मीटर पाणी होतं की दोन, हे सांगायला आमच्याजवळ कुणी नव्हतं.

दुसरी गोष्ट मला त्या वेळी माहीत नव्हती, आणि छोट्या बोटीवर पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असावी असं मला कळकळीनं वाटतं. समुद्राकडून बघताना फुटणाऱ्या लाटेची पाठ दिसते. पाठ गोल असते, हिरवी असते, तिच्यावर फेस दिसत नाही. तिचं खरं उभं तोंड जमिनीच्या बाजूला असतं. किनाऱ्यावर उभा असलेला माणूस ज्या लाटेला घाबरेल, ती बोटीवरच्या माणसाला निम्मी दिसते. आपण तिच्यात शिरलो की मगच ती मागून उभी राहते. बोटीचा मागचा भाग उचलला जातो, नाळ पाण्यात रुतते, सुकाणू पाण्याबाहेर येऊन निकामी होतं आणि बोट आडवी फिरते. पुढची लाट तिला उलटवते.

तिसरी गोष्ट मात्र मी पाहिली. खाडीबाहेर, आमच्या उत्तरेला, दोन मचवे, म्हणजे मच्छीमारांच्या होड्या, नांगर टाकून उभे होते. माणसं बसली होती, कुणी काही करत नव्हतं. ज्यांचं घर त्या खाडीत आहे ते बाहेर बसले होते.

मला हे सगळं असं जुळवून सांगता आलं नाही. मी एवढंच म्हटलं, “अहो, आत नको.”

आमच्यात पहिल्या वर्षापासून एक ठरलेलं आहे. दोघांपैकी एकानं नको म्हटलं की नको. कारण विचारायचं ते नांगर टाकल्यावर. हा नियम यांनीच केला होता, मी भिडेपोटी गप्प बसू नये म्हणून. तोपर्यंत तो कधी खऱ्या अर्थानं वापरावा लागला नव्हता. हे म्हणाले, “अगं, वीस मिनिटांचं काम आहे. आत बघ किती शांत आहे.” मी पुन्हा नको म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला. पण सुकाणूचा दांडा फिरला. बोट पश्चिमेला वळली. त्या क्षणी त्यांना माझं पटलं नव्हतं आणि तरी त्यांनी बोट वळवली, याचं मोल मला फार वाटतं. चाळीस वर्षं कामात आपला शब्द चालवलेल्या माणसाला ते सोपं नव्हतं.

मग उरलेले रस्ते बघितले. हर्णैला परत जायचं तर चौदा मैल वाऱ्याच्या तोंडावर, सहा-सात तास, अंगावर लाटा घेत. तिथेच थांबून भरतीची वाट बघायची तर ओहोटी साडेपाचच्या सुमारास संपणार, आत शिरण्याइतकं पाणी व्हायला सात-साडेसात, म्हणजे अमावास्येच्या काळोखात तोच दांडा शोधायचा. रात्रभर बाहेर समुद्रातच राहायचं तर दोघांना आळीपाळीनं जागं राहावं लागणार आणि त्या पट्ट्यात मासेमारी रात्रभर चालते. उरलं जयगड. सतरा मैल, वारा पाठीशी, शास्त्री नदीचं तोंड खोल आणि रुंद, मोठी जहाजं जवळच्या बंदरात ये-जा करतात. वाईट एकच, पोचेपर्यंत रात्र होणार. आणि आम्ही रात्री कधी अनोळखी खाडीत शिरलो नव्हतो.

३.२० ला दक्षिणेला लागलो. फक्त पुढचं शीड ठेवलं. दोघांनी लाइफ जॅकेट घातली, कमरेचे पट्टे बोटीला अडकवले. दाभोळऐवजी जयगडला जात आहोत, साडेसातपर्यंत पोचू, असा निरोप मुलीला पाठवला. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक तिच्याकडे होता. व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरचा रेडिओ, सोळाव्या चॅनलवर चालू ठेवला. नेहमीच्या कागदांची, म्हणजे बोटीची नोंदणी, आमची ओळखपत्रं, बंदर कार्यालयाला आणि सागरी पोलिसांना दिलेली माहिती, त्यांची पिशवी वर काढून ठेवली. २००८ साली कुबेर नावाच्या मच्छीमार बोटीतून मुंबईवर हल्लेखोर आले, तेव्हापासून या किनाऱ्यावर अनोळखी बोटीची चौकशी होते आणि ती व्हायलाच हवी.

गुहागरचा लांब सरळ किनारा डावीकडे गेला, मग पालशेत, मग वेळणेश्वर. मागून येणाऱ्या लाटांवर बोट डोलत होती पण नीट चालत होती. त्या तीन तासांत आम्ही फारसं बोललो नाही. हे रागावले आहेत असं मला वाटत होतं. नंतर कळलं की ते सगळा वेळ जयगडच्या तोंडाचा नकाशा मनात घोकत होते.

६.२५ ला, हेदवीच्या जरा पुढे, सूर्य पाण्याला टेकायच्या बेतात असताना बोट थांबली. आपटली नाही, आवाज नाही. कुणीतरी मागून पदर धरावा तशी थांबली. मी पाण्यात बघितलं तर बोटीच्या पोटाखालून एक दोर दोन्हीकडे गेलेला आणि लांबवर बोये एका ओळीत. जाळं. उतरता सूर्य डोळ्यांवर येत असल्यामुळे बोये दिसलेच नव्हते. काळोख्या रात्री माशांना जाळं दिसत नाही, म्हणून अमावास्येच्या सुमारास अशी जाळी जास्त लागतात. हे मी मुलांना शिकवलं नव्हतं, कारण पुस्तकात नव्हतं.

इंजिन चालू असतं तर दोर पंख्याला गुंडाळला असता आणि मग रात्र तिथेच गेली असती. सुदैवानं आम्ही शिडावर होतो. यांनी पहिलं काम केलं ते शीड उतरवण्याचं. दुसरं, चाकू काढला.

मी पुन्हा नको म्हटलं, पण या वेळी कारण सांगितलं. ते जाळं कुणाचं तरी पोट आहे. यांनी चाकू तसाच म्यानात घातला. पुढची पस्तीस मिनिटं हे बोटीच्या मागच्या बाजूला पालथे पडून, आकडीच्या काठीनं दोर खाली दाबायचा प्रयत्न करत होते. मी त्यांचा पट्टा धरून बसले होते. लाट बोट उचलायची तेव्हा दोर ताणला जायचा आणि खाली बसायची तेव्हा सैल पडायचा, त्या सैल क्षणी दाबायचं. सुकाणूच्या खालच्या टोकाला तो अडकला होता. पूर्ण काळोख पडला. तेवढ्यात बॅटरीचा झोत आला. जाळ्याच्या मालकाची होडी. त्यांनी काही विचारलं नाही. दोराचं पलीकडचं टोक ओढून त्यांनी तो ढिला सोडला आणि यांच्या पुढच्या दाबाला तो सुटला. ७.१५.

मी ओरडून माफी मागितली. होडीतून आवाज आला, “कापलं नाहीत ना? मग झालं.” मग कुठे जाणार ते विचारलं. जयगड म्हटल्यावर ते म्हणाले, “आत गेलात की तवसाळच्या फेरीबोटीच्या वाटेत नांगर टाकू नका. त्याच्या वर जा.” एवढं बोलून होडी बोयांच्या ओळीनं निघून गेली.

शेवटचे साडेतीन मैल दिवसातले सगळ्यात अवघड होते, आणि त्याचं कारण लाटा नव्हत्या. जयगडला काळोख नव्हताच. मोठ्या बंदराचे दिवे, बाहेर नांगरलेल्या जहाजांचे दिवे, डोंगरावरच्या घरांचे दिवे. या सगळ्यात दीपगृह कुठलं? प्रत्येक दीपगृहाच्या झोताचा स्वतःचा ठेका असतो, तेच त्याचं नाव. मी घड्याळ हातात घेऊन एकेक चमकता दिवा मोजत राहिले, नकाशातल्या ठेक्याशी जुळेपर्यंत. जुळला तेव्हा मोठ्यानं आकडा म्हटला. हे सुकाणूवर, डोळे खोली दाखवणाऱ्या यंत्रावर. मी दिशा सांगायची, त्यांनी खोली सांगायची. “दहा मीटर.” “थोडं डावीकडे.” “नऊ.” “असंच.” लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती आणि इतकं नेमकं आम्ही कधी बोललो नव्हतो.

भरतीचं पाणी आत जात होतं, बोटीला हलकेच आत नेत होतं. तोंडावर एकही लाट फुटत नव्हती. ८.४० ला, फेरीच्या वाटेच्या वर, पाच मीटर पाण्यात नांगर टाकला. उधाणाची भरती अजून चढायची होती, म्हणून साखळी तेवढी जास्त सोडली. मग हे म्हणाले, “आता सांग, दाभोळला नको का म्हणालीस?”

मी मचव्यांचं सांगितलं. ते मचवे यांनी पाहिलेच नव्हते. त्यांचे डोळे आतल्या शांत पाण्यावर होते.

आता त्या दोन कागदांकडे येते. यांनी २.५० पासून लिहिलं कारण त्यांच्या दृष्टीनं चूक तिथे होती : दीड मीटर हा आकडा त्यांनी उघड्या समुद्रासाठी वाचला आणि दांड्यासाठी वापरायला निघाले. ते खरं आहे. पण ६.१५ ला निघालो असतो तर दाभोळच्या तोंडाशी चढतं पाणी मिळालं असतं. तोच हेलकावा, तोच दांडा, पण वर बरंच जास्त पाणी, समोरून ओहोटी नाही आणि खारा वारा उठायला अजून दोन तास. कदाचित लाट फुटलीही नसती. फुटत असती तरी जयगडला जायला अख्खी दुपार हातात होती आणि जाळ्याचे बोये उन्हात दिसले असते. दिवसभरातली प्रत्येक अडचण त्या पाच तासांतून निघाली. आणि ते पाच तास मी खर्च केले होते, लिलावात. हे मी कागदावर तसंच लिहिलं.

यांनी ते वाचलं आणि डिझेलच्या कॅनची ओळ स्वतःच्या हातानं त्यात घातली.

आमची चूक आळसाची नव्हती, समजुतीची होती, असं मला वाटतं. रमतगमत जायचं म्हणजे घड्याळ सोडून द्यायचं, असं आम्ही धरून चाललो होतो. चोवीस दिवस हाताशी असणं ही खरी चैन. ती वापरायची जागा म्हणजे हर्णैला तिसरी रात्र. लिलाव बघायचा होता ना, मग तो दिवस तिथेच राहायला हवं होतं. बांगडे खायचे, सुवर्णदुर्गाला फेरी मारायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं. आमच्याकडे दिवस भरपूर होते, आणि आम्ही उधळले ते तास. भरतीचे तास आपले नसतात. पोचायची तारीख नसलेल्या माणसानं निघायची वेळ पाळायला काहीच हरकत नसते, त्याला एक दिवस पुढे ढकलायची मुभा असते. नोकरी सांभाळून चार दिवसांत गोवा गाठणाऱ्याला ती नसते. आम्हाला होती आणि आम्ही ती वापरली नाही.

त्यानंतर आमच्या वहीत दोन रकाने वाढले. निघायच्या वेळेशेजारी आता ‘यापुढे निघणे नाही’ अशी एक वेळ लिहितो. ती टळली की त्या दिवशी नांगर उचलायचा नाही, मग आभाळ कितीही छान असो. दुसरा रकाना खाडीच्या तोंडाचा : भरती किती वाजता, आपण किती वाजता, लाट किती, आणि आत शिरता आलं नाही तर पुढची जागा कुठली. पुढची जागा आधी लिहिलेली असली की तोंडाशी उभं राहून भांडावं लागत नाही. आणखी एक बदल झाला. आता किनाऱ्याजवळ आलो की सुकाणू बऱ्याचदा माझ्याकडे असतं आणि दुर्बीण यांच्याकडे. जाळं अडकलं तेव्हा हे पाण्यात पडले असते तर इंजिन लावून बोट फिरवणं मला धड जमलं नसतं, हे त्या रात्री दोघांनाही कळलं होतं. जयगडला आम्ही तीन दिवस राहिलो आणि त्यातला एक अख्खा दिवस मी खाडीत एकटीनं बोट फिरवली, नांगर टाकला, उचलला, पुन्हा टाकला. नारळाच्या करवंटीला दोरी बांधून हे ती पाण्यात टाकायचे आणि मी बोट वळवून ती आकडीनं उचलायची. पहिल्यांदा सात फेऱ्या लागल्या. संध्याकाळपर्यंत दोनवर आलं.

चौथ्या दिवशी पहाटे ५.३० ला मी यांना उठवलं. काळोख होता, फेरीबोट अजून सुरू झाली नव्हती. साखळी वर आली, शीड उभं केलं, मतलई होताच. तोंडाबाहेर पडल्यावर वाऱ्याबरोबर जमिनीचा वास आला : चुलीचा धूर, शेण, ओली माती, आणि त्या सगळ्यावर आंब्याचा मोहोर. किनाऱ्यापासून दीड मैलावर, समुद्रात, मोहोराचा वास. हे म्हणाले, “हे तू शाळेत शिकवायचीस?” मी नाही म्हटलं. मग वही उघडली आणि लिहिलं : जयगड सोडले ५.५०. वारा पूर्व, मंद. रत्नागिरी अठरा मैल.